बाबांना माझी पेन्शन मिळते का, त्याचं उत्तर

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

माझ्यानंतर बाबांना माझी पेन्शन मिळेल का, हे काल फोनवर तू विचारलंस आणि बाबा शेजारीच बसले होते म्हणून मी विषय बदलला. त्यांच्यासमोर हे काढलं की ते एकच वाक्य बोलतात, मी तुझ्या आधी जाणार, मला कशाला सांगतेस, आणि टीव्हीचा आवाज वाढवतात. म्हणून टाईप करून पाठवतेय, हे नीट सेव्ह करून ठेव.

तर हो, मिळते. फॅमिली पेन्शन म्हणजे पेन्शनर गेल्यावर घरच्यांना मिळते ती, आणि ती नवऱ्यालाही मिळते. आपल्याकडे लोकांच्या डोक्यात पक्कं बसलंय की फॅमिली पेन्शन म्हणजे विधवा बाईची, सोसायटीतल्या शिकल्यासवरल्या लोकांनी पण मला विचारलंय की अहो पण पुरुषाला कुठे असते. नियमात पती किंवा पत्नी दोन्ही आहे. मी केंद्राची, पोस्टातली, 2004 च्या आधी लागलेली, म्हणजे जुनी पेन्शन, त्यामुळे माझ्यानंतर पहिला हक्क बाबांचा. त्यांना स्वतःची ईपीएसची, म्हणजे खासगी नोकरीतल्या पीएफसोबतची पेन्शन आहे, भोसरीच्या कंपनीतली, ती दोन हजाराच्या आतच आहे पण त्याने काही अडत नाही. 9000 अधिक महागाई भत्ता एवढ्या उत्पन्नाची जी अट तू कुठेतरी वाचलीस ती मुलं, आईवडील यांच्यासाठी आहे, नवराबायकोला ती लागत नाही. त्यांची ती ईपीएस पण चालू राहणार आणि माझी फॅमिली पेन्शन पण.

आता किती, ते सांगते. हिशोबाला सोपं म्हणून समज माझा रिटायर होतानाचा बेसिक, म्हणजे भत्ते सोडून मूळ पगार, 60,000. त्याच्या निम्मी पेन्शन, 30,000. मी गेल्यावर बाबांना साधारण नियमाने शेवटच्या बेसिकच्या 30 टक्के म्हणजे 18,000 आणि त्यावर महागाई भत्ता. पण त्याआधी एक वाढीव दर असतो, 50 टक्क्यांचा, तो मृत्यूनंतर 7 वर्षं किंवा 67 वय होईपर्यंत, जे आधी येईल ते. इथे सगळे घोळ घालतात. हे 67 वय बाबांचं नाही, माझं. मी जिवंत असते तर ज्या दिवशी 67 ची झाले असते तो दिवस. मी आता 64 ची आहे, म्हणजे उद्या काही झालंच तर तीन वर्षं 30,000 आणि मग 18,000. आणि मी 67 च्या पुढे गेले तर पहिल्या दिवसापासूनच 18,000. कमी झाली म्हणून तेव्हा कुणाशी भांडायला जाऊ नकोस, ती कमी होणारच असते. खाली मात्र 9000 च्या जात नाही.

अजून एक गंमत. मी 40 टक्के पेन्शन विकली होती, म्हणजे तेवढ्या भागाचे पैसे आधीच एकरकमी घेतले होते, तुझ्या लग्नाच्या वेळचे ते पैसे आठवतात ना, ते. त्यामुळे माझ्या हातात कापून येते आणि 15 वर्षांनी पूर्ववत होणार. पण फॅमिली पेन्शनमधून ती कपात होत नाही, म्हणजे ही तीन वर्षं तरी माझ्यापेक्षा बाबांच्याच हातात जास्त येतील. हे मी त्यांना एकदा हसत हसत सांगितलं तर म्हणाले मग चहा आता तू कर.

हक्क कधीपर्यंत, तर मरेपर्यंत किंवा पुन्हा लग्न करेपर्यंत. बाबा 69 चे आहेत, बघ बाई लक्ष ठेव. मूल नसलेल्या विधवेला पुन्हा लग्न केल्यावरही उत्पन्न मर्यादेत असेल तर चालू राहते, विधुराला ती सवलत नाही. घटस्फोट झालेल्याला काहीच नाही. आणि 2024 च्या जानेवारीत एक चांगला बदल झाला, बाईने नवऱ्यावर घटस्फोटाची किंवा घरगुती छळाची केस टाकलेली असेल तर ती लेखी देऊन मुलांचं नाव नवऱ्याच्या आधी लावू शकते. आमच्या काउंटरवरच्या एकीला हे वीस वर्षांपूर्वी हवं होतं, नवरा कुठल्या गावी राहतो ते पण तिला माहीत नव्हतं आणि कागदोपत्री पहिला हक्क त्याचाच.

तुझंही बघून ठेव. तू यूपीएस, म्हणजे ती नवी युनिफाइड पेन्शन स्कीम घेतलीस ना, त्यात 25 वर्षं पूर्ण झाली तर शेवटच्या 12 महिन्यांच्या सरासरी बेसिकच्या निम्मे आणि तुझ्यानंतर त्याचे 60 टक्के जावयांना. म्हणजे 30,000 चे 18,000, आकडा फिरून तोच येतो. पण एक फरक असा की जुन्या नियमात रिटायर झाल्यावर लग्न केलं तरी ती बायको किंवा नवरा चालतो, यूपीएसमध्ये रिटायरमेंटच्या दिवशी जो कायदेशीर जोडीदार असेल तोच. तुला तसा काही फरक पडत नाही पण माहीत असावं.

आता कामाचं. बाबांचं नाव पीपीओवर, म्हणजे माझ्या पेन्शनच्या मंजुरीच्या कागदावर आहे आणि पेन्शनचं खातं आम्हा दोघांच्या नावावर आहे, हे दोन असलं की फार धावपळ नाही, साधा अर्ज, मृत्यूचा दाखला, पीपीओची कॉपी, वयाचा पुरावा आणि जादा पैसे जमा झाले तर परत करीन असं लिहून द्यायचं. कळवायला उशीर केलात तर माझी पेन्शन खात्यात पडत राहील आणि ती परत घेतात, तेव्हा तेराव्याची वाट बघत बसू नका. मग दर नोव्हेंबरला बाबांना हयातीचा दाखला, तो आता मोबाईलवर चेहरा दाखवून होतो, मी पण गेल्या वर्षी तसाच केला, सिटी पोस्टापर्यंत लक्ष्मी रोडच्या गर्दीत जायची गरज नाही.

एक अडचण मात्र आहे. पीपीओवर बाबांची जन्मतारीख 1 जून आहे, शाळेत घालताना लावलेली, आणि आधारवर खरी, ऑक्टोबरातली. आज वाटतं काय फरक पडतो पण त्यांना 80 पूर्ण झाली की 20 टक्के जास्त मिळणार, 85 ला 30, आणि हे सगळं त्यांच्या वयावर, तेव्हा कुठली तरी एकच तारीख सगळीकडे हवी. मी असताना दुरुस्तीचा अर्ज मीच केलेला बरा. बाबांचा शाळेचा दाखला तुझ्याकडच्या निळ्या फाईलमध्ये गेलाय का बघ, पासपोर्टच्या वेळी तू नेला होतास. सापडला तर फोटो पाठव, ओरिजिनल दिवाळीला आण. कुरिअरने नको.

तुझी आई