बंगळूरला मी नाही म्हणून कळवलंय

प्रिय आई-बाबा,

सा. न.

फोनवर हे नीट बोलणं होत नाही. आई मध्येच गप्प होते आणि बाबा "बरं, बघ तुला काय ते" म्हणून फोन ठेवतात, म्हणून लिहितेय. वरच्या मजल्यावरच्या जोशींच्या मुलाला मोठ्या अक्षरात प्रिंट काढून द्यायला सांगितलंय, मोबाईलवर डोळे ताणू नका, बाबांचं मोतीबिंदूचं आत्ताच झालंय.

तर, बंगळूरच्या कंपनीला मी नाही म्हणून कळवलं. सोमवारीच मेल केला. आता परत विचार कर वगैरे म्हणू नका, ते झालं. मला माहितीये बाबांनी रामबागेत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, मामालाही कळलं होतं, आणि आई, तू पगाराचा आकडा ऐकून देवापुढे साखर ठेवलीस. पगार इथल्या दुपटीहून जास्त होता हे खरं आहे, ते मी नाकारत नाही. पण काम काय होतं ते पण ऐका ना. एका ॲपच्या आत कोण कुठे बोट लावतो, किती सेकंद थांबतो, कुठून परत जातो, त्याचे चार्ट रोज करायचे म्हणजे लोकांना अजून थोडा वेळ थांबवून ठेवता येईल. वाईट काम आहे असं नाही, माझ्या दोन मैत्रिणी तेच करतात आणि मजेत आहेत. माझं मन नाही लागत त्यात.

आणि इथून, बडोद्याहून, रात्री अवंतिका एक्सप्रेसमध्ये बसलं की सकाळी मी इंदूरला तुमच्याकडे. हे कारण मुद्दाम नंतर लिहिलं, नाहीतर आई लगेच म्हणणार, आमच्यापायी थांबलीस. तुमच्यापायी नाही. पण ते सोयीचं आहे हे तर आहेच ना.

आई, तू परवा विचारलंस की आकड्यांची चित्रं काढायचे पैसे कोण देतं, आणि सुमन मावशीला काय सांगू. सांग की हॉस्पिटलं देतात, पाणीपुरवठा बघणाऱ्या संस्था देतात, शाळांचं काम करणारे देतात. त्यांच्याकडे हजारो ओळींच्या एक्सेल शीट पडून असतात आणि त्यातून काय निघतंय ते त्यांनाच दिसत नसतं. आम्ही ते दिसेल असं मांडतो. फत्तेगंजात आमचा छोटासा स्टुडिओ आहे, फाइन आर्ट्सपासून चालत येण्यासारखा, निम्मे लोक तिथूनच शिकलेले आहेत, हातात पेन्सिल घेतली की बघत राहावं असे. एक जण नुसता कोडिंग करतो. आणि मी होळकर कॉलेजची स्टॅटिस्टिक्सवाली, म्हणजे चित्र सुंदर झालं तरी आकडा खोटा बोलत नाहीये ना, ते बघायला मी.

सुरुवातीला बरेच दिवस तर चित्र नसतंच, नुसती साफसफाई. एकाच कॉलममध्ये वडोदरा, बडोदा, बरोडा, तिन्ही लिहिलेलं असतं आणि कॉम्प्युटरला ती तीन गावं वाटतात. मागच्या महिन्यात गावांच्या पाण्याच्या मीटरची शीट होती, त्यात बरेच खाने रिकामे. आमच्या नव्या मुलीने तिथे शून्य धरलं आणि नकाशावर ती सगळी गावं कोरडी ठाक दिसायला लागली. खरं तर त्या दिवशी रीडिंग घ्यायला माणूसच गेला नव्हता. मग बसून एकेक खाना बघितला, जिथे रीडिंग नाही तिथे राखाडी रंग दिला आणि खाली लिहिलं, नोंद नाही. तिथे कोणी नकाशा बघून टँकर पाठवणार असतं, म्हणून मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

आणि आमचे सर. एका क्लायंटला त्यांचा या वर्षीचा आकडा मोठा दिसायला हवा होता, ९६ चा ९८ झाला होता, ते म्हणाले आलेखातल्या पट्ट्या ९५ पासून सुरू करा. तसं केलं की दुसरी पट्टी पहिलीच्या तिप्पट उंच दिसते. सर म्हणाले, पट्टी असेल तर शून्यापासूनच, नाहीतर दुसरीकडे करून घ्या. ते काम गेलं. त्या महिन्यात आमचे पगार आठवडाभर उशिरा झाले (हे तुम्हाला तेव्हा सांगितलं नव्हतं, आता सांगतेय, चिंता करू नका, नंतर एकदाही उशीर नाही). पण अशा माणसाच्या हाताखाली शिकायला मिळतंय, ते सोडून कुठे जाऊ.

बाबा, तुम्ही म्हणालात की आमच्या घरात हे असलं काम कोणी केलेलं नाही. तुम्हीच केलंय की! रेल्वेच्या रतलाम कंट्रोलमध्ये, गाड्यांवर लक्ष ठेवत, जन्मभर दुसरं काय केलंत? तो मोठा चार्ट, आडवी वेळ, उभी स्टेशनं, आणि प्रत्येक गाडीची तिरकी रेघ. जुने चार्ट तुम्ही घरी आणायचात आणि त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी गणितं करायची, पण अर्धा वेळ उलटून पुढची बाजूच बघत बसायची. तुम्ही लाल-निळ्या पेन्सिलीचं टोक लावून दाखवायचात, रेघ उभी चढली म्हणजे गाडी जोरात, आडवी झाली म्हणजे गाडी उभी आहे. पातालपानी-कालाकुंडच्या घाटात रेघ कशी कलंडते ते मला तुमच्या मांडीवर बसून कळलं होतं. आणि मीटर गेजच्या एकेरी लाइनवर दोन रेघा जिथे एकमेकींना कापतील तिथे स्टेशनच असायला हवं, मधे कापल्या तर काय होईल, ते विचारल्यावर तुम्ही उत्तर दिलं नव्हतं, नुसतं माझ्या डोक्यावर हात ठेवलात.

आमच्या क्षेत्रात पॅरिस ते लियाँ मार्गाचा असाच एक आलेख जगभर शिकवतात, एकोणिसाव्या शतकातला, मारे नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञामुळे प्रसिद्ध झालेला. सरांनी पहिल्यांदा पडद्यावर दाखवला तेव्हा बाकीचे समजून घेत होते आणि मी एका मिनिटात सांगितलं की कुठली गाडी कुठे थांबलीय. सरांनी विचारलं आधी पाहिलायस का, मी म्हटलं माझे बाबा काढायचे. अजून एक, रेल्वेत घेताना तुम्हाला ठिपक्यांच्या गोलातला आकडा वाचायला लावला होता ना, रंगांधळेपणा तपासायची इशिहाराची ती कार्डं १९१७ पासून आहेत, आणि त्याच कारणाने आम्ही महत्त्वाची गोष्ट नुसत्या लाल-हिरव्यावर सोडत नाही, कारण बऱ्याच पुरुषांना तो फरक दिसतच नाही. रंगाबरोबर आकार बदलतो नाहीतर शेजारी शब्द लिहितो.

आईसाठी पण एक आहे. शाळेच्या पुस्तकात दिवा घेतलेली फ्लोरेन्स नाइटिंगेल होती ना, तिने १८५८ मध्ये बारा महिन्यांची गोल आकृती छापली, रोगराईने मेलेले सैनिक निळ्या रंगात, जखमांनी मेलेले लालमध्ये. क्रिमियाच्या युद्धात निळा भाग केवढा मोठा होता ते बघून सरकारला हॉस्पिटलातल्या घाणीचं बोलावंच लागलं. मावशीला हे सांग. पोरगी तेच शिकतेय म्हणावं.

आता महत्त्वाचं, आणि बाबा, चिडू नका. दिवाळीत आले होते तेव्हा तुमच्या शुगरच्या डायरीच्या पानांचे फोटो काढून नेले होते. तुम्ही किती नीट लिहिता, सकाळ-संध्याकाळ, तारीख, वार, कंट्रोलमधल्यासारखं. रोज एकेक आकडा वाचला तर काही कळत नाही, मी पण डायरी चाळली तेव्हा ठीकच वाटली होती. मग इथे एका रविवारी बसून सगळे आकडे वारांप्रमाणे लावले, सोमवारखाली सोमवार, गुरुवारखाली गुरुवार. संध्याकाळचे बाकी सगळे ठिपके वर घोळक्याने, आणि गुरुवारचे तेवढे खाली. एक तर ६४ आहे. शुक्रवारी सकाळचे पण कमीच. गुरुवारचा उपास आणि गोळी मात्र रोजच्यासारखी पूर्ण, असंच ना? आई म्हणाली होती चक्कर बहुतेक मंदिरातून आल्यावर येते. ७० च्या खाली म्हणजे कमीच धरतात, ते चक्कर येण्याइतकं असू शकतं.

मी उपास सोडा म्हणत नाहीये. महाराजांचा गुरुवार तुम्ही आजोबांपासून करताय, मी कोण सांगणार. आणि गोळी मनाने बंद पण करायची नाही, कमी पण करायची नाही. फक्त तो चार्ट डॉक्टरांना दाखवायचा, प्रिंटबरोबर पाठवलाय, गुरुवारचे ठिपके मी गडद केलेत म्हणजे त्यांना शोधावं लागणार नाही. गुरुवारी गोळीचं काय करायचं ते तेच सांगतील. एचबीए१सी ही रक्ताची तपासणी पण करून घ्या, त्यात शुगरची साधारण दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते, पण सरासरीत हा गुरुवार दिसणार नाही, म्हणून डायरी सोडायची नाही. आई, चक्कर आली की आधी मशीन शोधत बसू नकोस, शुद्धीवर असतील तर लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून दे, मग मोजा. झोपल्यासारखे वाटले, गिळत नसले, तर तोंडात काही घालायचं नाही, सरळ १०८ ला फोन. आणि बाबा, गुरुवारी मंदिरात एकटे स्कूटरवर जायचं नाही. नाही म्हणजे नाही. रिक्षा करा.

माझं इथे सगळं ठीक आहे. दांडिया बाजारच्या काकू डब्यात वरण आपल्यासारखं करतात, गोड नाही. खंडेराव मार्केटमधून भाजी मीच आणते. २०२४ च्या पुरात विश्वामित्री धोक्याच्या २५ फुटांवरून ३५ च्याही वर गेली होती तेव्हा तुम्ही तीन रात्री झोपला नव्हतात, ते डोक्यात ठेवून खोली दुसऱ्या मजल्यावरची घेतलीय. पीएफ कापतात, मेडिक्लेममध्ये तुम्हा दोघांची नावं आहेत, कार्डं पोस्टाने येतील, ती ट्रंकेत टाकू नका, बाबांच्या पाकिटात ठेवा. डेडलाइनच्या आठवड्यात रात्र होते घरी यायला, पण तेव्हा स्टुडिओतलं कोणीतरी दारापर्यंत सोडतं.

आई, साखर ठेवलीस ती वाया नाही गेली, मला सरांनी या महिन्यापासून हॉस्पिटलच्या कामाची मुख्य केलंय. हे आधी सांगायचं होतं खरं तर.

पुढच्या शनिवारी सकाळी अवंतिकेने येतेय. बाबांनी स्टेशनवर यायचं नाही, मी येईन. डॉक्टरांची वेळ त्याच दिवशी अकरानंतरची घ्या, मी बरोबर येते. डायरी, गोळ्यांची पाकिटं आणि जुने रिपोर्ट एका पिशवीत काढून ठेवा.

तुमची,
मनू