जिन्याखालच्या पेटीसाठी मदतीचं आवाहन

सर्व आजी-माजी रहिवासी, माहेरवाशिणी आणि वर्गणीदारांना सप्रेम नमस्कार.

यंदा आपल्या लालबागच्या चाळीच्या गणपतीपुढे देखावा कबुल्यांचा. कल्पना दुसऱ्या मजल्यावरच्या, जे.जे.त शिकणाऱ्या आपल्या मुलीची. अमेरिकेत फ्रँक वॉरन नावाच्या गृहस्थांनी २००४ मध्ये ३००० पोस्टकार्डं अनोळखी लोकांत वाटली, नाव न घालता एक गुपित लिहून धाडा म्हणाले. पुढे जगभरातून कार्डांचा ढीग लागला. आपण ५० पैशांची कार्डं जिन्याखालच्या लाकडी पेटीवर ठेवली. आधी सगळे हसले. महिन्याभरात पेटी दोनदा भरली. नाक्यावरून जाणारे-येणारेही टाकून जातात.

एकात लिहिलंय, ‘लोणच्याची बरणी मी संपवली, मार मांजराने खाल्ला.’ दुसऱ्यात, ‘१९८२ च्या संपात मी मागच्या गेटने कामावर जायचो. भाऊ संपावर. तो गेला, सांगायचं राहिलं.’ वर ‘श्री’ लिहून खोडलाय. दुखवट्याच्या कार्डावर श्री घालत नसत, जुन्यांना कळेल. अक्षर ओळखीचं वाटलं, तसं मी कार्ड पालथं ठेवलं.

आपलं मंडळ काय चीज आहे हे मी सांगायला नको. त्याच संपात पगार बंद असताना घरटी आठ-आठ आणे काढून आपण मूर्ती आणली, उत्सव चुकवला नाही. चक्कीवाल्या काकांनी हयात असेपर्यंत महाप्रसादाचं पीठ फुकट दळून दिलं, वर ‘कमी पडलं तर सांगा’ म्हणायचे. कै. मास्तरांनी भजनाला पेटी-तबला दिला. चौदा नंबरच्या मावशींचे मध्यरात्रीचे कांदेपोहे खाऊन दोन पिढ्यांनी मांडव घातले. त्यांचे उपकार फिटायचे नाहीत.

आणि गेल्या वर्षी? ग्रुपवर अंगठे साठ, शिडी धरायला तिघे. त्यातला एक मी, एकसष्टीचा. असो.

पाऊस सुरू आहे, ओलीने शाई फुटतेय, म्हणून घाई. प्लास्टिकची पाकिटं, तार, बांबू, लाइटिंग धरून खर्च ₹३८,०००, जमा ₹११,५००. वर्गणी रोज रात्री ८ ते १०, खोली नं. ३, पावती घ्यावी. जुनी ताडपत्री चालेल, फाटकी नको. हातांची गरज रविवारी सकाळी ७ पासून, चहा मंडळाचा. डोंबिवली-विरारकरांनी पैसे घरच्यांबरोबर पाठवले तरी चालतील.

आपला,
चिटणीस

ता.क. पेटीची किल्ली माझ्याकडेच राहील. कुणी मागू नये.