३८ विजय, आणि मथळा मात्र पराभवाचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेतल्या महिला कॉलेज बास्केटबॉलची अंतिम लढत आपल्या वेळेनुसार ८ एप्रिल २०२४ च्या मध्यरात्री झाली. आपल्या क्रीडा पानावर तिची बातमी आली हेच विशेष. आयपीएल चालू असताना दुसऱ्या खेळाला जागा मिळते कुठे! पण मथळा होता आयोवा विद्यापीठाची नामवंत खेळाडू केटलिन क्लार्क हिच्या पराभवाचा. जिंकलेल्या साउथ कॅरोलिना विद्यापीठाचे नाव सापडले ते तिसऱ्या ओळीत. हा संघ अख्ख्या हंगामात ३८ पैकी ३८ सामने जिंकला, हे तर कुठेच नव्हते.

माझी भाची त्याच विद्यापीठात शिकते, म्हणून मलाही हे वेड लागले. नोव्हेंबरात पॅरिसमध्ये त्यांनी नोत्र दाम विद्यापीठाला १००-७१ असे लोळवले, तेव्हापासून मी त्यांच्यामागे आहे. त्याआधीच्या मोसमातही त्या सलग ३६ सामने जिंकल्या होत्या आणि उपांत्य फेरीत क्लार्कच्या आयोवाकडून ७७-७३ ने हरल्या. त्या सामन्यात साउथ कॅरोलिनाची रेव्हन जॉन्सन तीन गुणांच्या रेषेबाहेर चेंडू घेऊन मोकळी उभी होती. तिला अडवायलाही न जाता क्लार्कने नुसता हात झटकला, म्हणजे तू काय टाकणार! ते दृश्य जगभर फिरले. त्यानंतर संघातल्या पाचही मुख्य मुली निघून गेल्या. प्रशिक्षक डॉन स्टॅली यांना नवा संघ उभा करावा लागला.

मार्चमध्ये तर सगळे संपलेच होते. टेनेसीविरुद्ध दोन गुणांनी मागे, हातात जेमतेम एक सेकंद. ब्राझीलची सहा फूट सात इंचांची कमिला कार्डोसो, जिने कॉलेजात तोवर तीन गुणांची एकही बास्केट केली नव्हती, तिने लांबून चेंडू टाकला आणि तो बोर्डाला लागून आत गेला. ७४-७३! मी इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या वहिनी काय झाले म्हणून विचारायला आल्या.

अंतिम सामना आपल्याकडे रात्री साडेबाराला सुरू झाला, आपल्या इंदूरच्या सराफ्यात खाणाऱ्यांची गर्दी असते त्या वेळेला. क्लार्कने पहिल्याच क्वार्टरमध्ये १८ गुण केले, हे कौतुकास्पदच. पण उरलेल्या तीन क्वार्टरमध्ये तिला १२ च करता आले, कारण तिच्यामागे सावलीसारखी होती तीच रेव्हन जॉन्सन. शेवटी ८७-७५. साउथ कॅरोलिनाकडून सर्वाधिक १९ गुण बाकावरून आलेल्या पहिल्या वर्षाच्या टेसा जॉन्सनचे. बदली खेळाडूंचे गुण बघा: साउथ कॅरोलिना ३७, आयोवा शून्य. माझ्या मते खरी बातमी ही होती.

क्लार्क मोठी खेळाडू आहे, वाद नाही. पण आपल्या इंदूरच्या होळकर क्रिकेट संघाने चार वेळा रणजी करंडक आणला, तो काय एकट्या सी. के. नायडूंच्या जिवावर? मुश्ताक अली, चंदू सरवटे यांची नावे आमच्या घरी आजही निघतात. एका चेहऱ्याभोवती बातमी लिहिणे सोपे असते, हे मला कळते. तरी गुणफलक बातमीच्या शेवटी न देता वर द्यावा, एवढे तर जमेल?

आणखी एक. रेसकोर्स रोडच्या बास्केटबॉल कॉम्प्लेक्समध्ये आपल्या मुलीही खेळतात. आंतरमहाविद्यालयीन सामन्यांच्या बातमीत प्रमुख पाहुण्यांची नावे पदांसकट येतात, खेळाडूंची येत नाहीत. पुढच्या स्पर्धेच्या वेळी बाकावर बसलेल्या मुलींसह दोन्ही संघांची पूर्ण यादी छापावी. जागा हवी असेल तर पाहुण्यांच्या सत्काराचा फोटो काढून टाका.

आपली,
एक नियमित वाचक
रामबाग, इंदूर