नेमबाजांच्या पाण्याचं बघा

महोदय,

उन्हाळ्यातल्या ५० मीटर रायफल थ्री पोझिशन (गुडघ्यावर बसून, पालथं पडून आणि उभं राहून) स्पर्धेत ६० शॉट असतात, अंगात कॅनव्हास-चामड्याचं जाड जॅकेट. आतला घाम वाळत नाही, म्हणून अंग निवत नाही. पाणी कमी पडलं की नाडी वाढते आणि शेवटच्या, उभ्याने मारायच्या २० शॉटमध्ये बॅरल डुलू लागते. दोन तास आधी अर्धा लिटर प्यावं, पुढे पोझिशन बदलताना चार-पाच घोट. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण लिटरभर पाण्यातच विरघळवावं. ग्लासात कालवलं तर उलट त्रास होतो. खायला केळं, राजगिऱ्याचा लाडू. त्याआधी हात साबणाने धुवावेत, बोटांना गोळ्यांचं शिसं लागलेलं असतं! आयोजकांनी फायरिंग पॉइंटमागे सावलीत माठ आणि साबण ठेवावा, ही कळकळीची विनंती.

– एक नेमबाजी प्रशिक्षक, पुणे