बाबांच्या सब-स्टेशनसारखी नासाची कंट्रोल रूम

प्रिय आई-बाबा,
सा. न.

शनिवारी आम्ही चौघं नासा बघून आलो. फोनवर सांगायचं तर तनू मधेच फोन ओढते आणि मग विषय मांजरावर जातो, त्यामुळे लिहूनच पाठवतेय. बाबा, आईला मोठ्यानं वाचून दाखवा, तिचा चष्मा अजून झाला नसेलच.

आमच्या केटी गावापासून तासाभराचा रस्ता आहे, ह्यूस्टनच्या पार दुसऱ्या टोकाला. तुमचे जावई सकाळी लवकर निघू म्हणाले आणि स्वतःच शेवटी आंघोळीला गेले, असो. पार्किंगचे पण वेगळे पैसे घेतात. दारातच एक जंबो ७४७ विमान उभं आहे आणि त्याच्या पाठीवर स्पेस शटल, म्हणजे शटल नमुन्याचं आहे पण विमान खरं, याच विमानानं खरी शटलं पाठीवर घेऊन कॅलिफोर्नियातून फ्लोरिडाला नेलीत. दोन्हीच्या आत जाता येतं. ईशान तिथून हलायलाच तयार नव्हता, आणि मी पोळीभाजीचे रोल गाडीतच विसरले म्हणून परत उन्हात पार्किंगपर्यंत जाऊन आले. ऊन अगदी मे महिन्यातलं आपल्याकडचं, वर दमट.

मग ट्राममधून आत नेतात, खऱ्या नासाच्या आवारात. आई, तुला पटणार नाही पण तिथे गाई चरतात! भली लांब आडवी शिंगं, इथले शाळेतले पोरं-पोरी त्यांना सांभाळतात म्हणे. कल्पना चावलाच्या नावाचं झाडही आवारात आहे, गेलेल्या अंतराळवीरांच्या आठवणीत झाडं लावलीत तिथे.

सॅटर्न-५ रॉकेट एका लांबलचक शेडमध्ये आडवं ठेवलंय, ३६३ फूट. फोटोत काहीच कळत नाही, त्याच्या शेपटीकडच्या पाच इंजिनांखाली उभं राहिलं की मान दुखते. हे कधी उडालंच नाही कारण शेवटच्या काही चांद्रमोहिमा पैशापायी रद्द झाल्या, पण भाग सगळे खरे, उडायला तयार केलेले. आणि खालच्या टप्प्यात जळायचं काय तर घासलेट! शुद्ध केलेलं, पण घासलेटच, साधारण पावणेआठ लाख लिटर, सोबत द्रवरूप ऑक्सिजन, आणि अडीच-पावणेतीन मिनिटांत सगळं संपलं पण. आई, रेशनच्या रांगेत कॅन घेऊन उभं राहायचो तेव्हा कोणाला सांगितलं असतं तर खरं वाटलं असतं का?

आता मेन गोष्ट, बाबा ही तुमच्यासाठी. जुनी मिशन कंट्रोल रूम. वेगळं तिकीट आहे तिचं, जिने पण बरेच चढावे लागतात (तुम्ही इकडे आलात तर आईचे गुडघे बघून ठरवू). २०१९ साली, चंद्रावर उतरल्याला ५० वर्षं झाली तेव्हा ती पुन्हा जशीच्या तशी लावली, टेबलावर हेडफोन, कॉफीचे कप, ॲशट्रे, सिगारेटची पाकिटं सगळं. काचेमागच्या गॅलरीत आपण बसतो आणि समोरचे स्क्रीन लागतात, उतरतानाचं रेकॉर्डिंग सुरू होतं. २० जुलै १९६९, आपल्याकडे तेव्हा २१ तारीख लागली होती, रात्रीचे पावणेदोन. बाबा तुम्ही तेव्हा सहावी-सातवीत असाल ना?

यान उतरत असताना कॉम्प्युटरनं अलार्म दिला, १२०२. आर्मस्ट्राँग विचारतोय काय आहे हे, आणि इथे उत्तर द्यायचं होतं २६ वर्षांच्या स्टीव्ह बेल्सनं. त्याला मागच्या खोलीतून सांगत होता जॅक गार्मन, तो तर २४ चा! पण गंमत त्याच्या आधीची आहे. काही दिवसांपूर्वी सरावात असाच अलार्म आला होता आणि बेल्सनं घाबरून मोहीम थांबवायला सांगितली होती, थांबवायची गरजच नव्हती. मग त्यांचा साहेब जीन क्रांझ म्हणाला सगळ्या अलार्मची यादी करा, कुठल्याला काय करायचं ते लिहा. गार्मननं हातानं लिहिली आणि टेबलावरच्या काचेखाली सरकवून ठेवली. बाबा, काचेखाली! तुमच्या सब-स्टेशनातल्या टेबलावर रिलेची यादी असायची ना निळ्या शाईतली, मी डबा घेऊन यायचे तेव्हा वाचत बसायचे, अगदी तीच डोळ्यापुढे आली.

आणि १२०२ म्हणजे काय तर कॉम्प्युटरवर लोड जास्त झाला, त्यामुळे तो कमी महत्त्वाची कामं सोडून देतोय आणि उतरण्याचं काम चालू ठेवतोय. हे तर तुमचं लोडशेडिंगच झालं, दवाखान्याचा फीडर चालू आणि बाकी गाव अंधारात. मी ईशानला तसंच सांगितलं, आजोबा हेच करायचे. आता तो शाळेत सांगणार की माझे आजोबा नासात होते, तर व्हिडिओ कॉलवर विचारलं कोणी तर सांभाळून घ्या.

रॉकेटपेक्षा मला ती खोलीच जास्त आवडली. तुमचे जावई म्हणतात टेबलं-खुर्च्या काय बघायच्या, त्यांना स्पेसएक्स कंपनीचं फाल्कन रॉकेट आवडलं, ते बाहेर आडवं ठेवलंय, उडून परत आलेलं. तनूनं चंद्राच्या दगडाला हात लावला आणि म्हणाली गार नाहीये. बस्स.

बाबा, एक सांगा, तुमच्याकडे रात्री ट्रिपिंग होऊन लाईट गेली की आधी वर फोन करायचा की आधी यादी बघायची? ईशानशी माझी पैज लागलीय. आणि व्हिसाच्या फॉर्मला फोटो पांढऱ्या बॅकग्राउंडवर लागतात, स्टुडिओवाल्याला आधीच सांगा, मागच्या वेळी निळा पडदा लावला होता त्यानं. आईनं डाळ-तांदूळ आणायचा विचार पण करू नये, इथे सगळं मिळतं, मेतकूट तेवढं आण.

तुमची,
बेबी