शेजारच्या खोलीतल्या दादास

प्रिय दादा,

हे तुझ्यापर्यंत पोचेल की नाही, कोण जाणे. परीक्षा संपल्या, तू होस्टेल सोडून नोकरीला लागलास आणि आभार मानायचे राहूनच गेले.

तिनं नातं तोडलं त्या आठवड्यात मी मेसलाही जात नव्हतो. तू टेबलावर एक पेनड्राइव्ह टाकलास. ‘सायकानो’, जगाच्या अंताची जपानी अ‍ॅनिमे, म्हणजे कार्टून मालिका, २००२ ची, १३ भाग. अट एकच: रात्री एकच भाग, आणि मग टपरीवर चहा.

जगबुडीची गोष्ट म्हणजे राक्षस, रोबो, मारामारी असेल असं वाटलं होतं. निघाला एक चढ. होक्काइडो बेटावर ओतारू नावाचं बंदर आहे, तिथली शाळेची वाट इतकी उभी की तिला नरकाचा चढ म्हणतात. शुजी पट्टीचा धावणारा, झपझप पुढे जातो. बुटकी, धांदरट चिसे मागून धापा टाकत येते आणि उठल्यासुटल्या ‘गोमेन’ म्हणते. माफ कर. हीच चिसे पहिल्याच भागात, बॉम्ब पडत असलेल्या साप्पोरो शहरात, पाठीतून लोखंडी पंख फुटलेली दिसते. सैन्यानं तिचं शस्त्र करून टाकलेलं. तरी माफी तीच मागते.

युद्ध कुणाशी, कशासाठी, हे मी रोज विचारायचो. “सांगतच नाहीत ते. चहा पी.”

सहाव्या की सातव्या रात्री टपरीवरून परतताना लक्षात आलं, तिच्या-माझ्यात झपझप पुढे चालणारा मी होतो. तिच्या ‘सॉरी’ मला ऐकूच येईनाशा झाल्या होत्या. मी हे बोललो, तू नुसतं “हं” म्हणालास. उपदेश केला असतास तर पेनड्राइव्ह त्याच रात्री परत केला असता.

फुयुमीचं, शुजीच्या जुन्या प्रेमाचं, उपकथानक मला अजूनही खटकतं, आणि गाल इतके लाल रंगवायची काय गरज होती? पण शुजी आणि चिसेची वही! समोरासमोर बोलणं जमत नाही म्हणून आळीपाळीनं लिहायची रोजनिशी. बाहेर शहरं पडतायत आणि ही दोघं वहीत प्रेम करायला शिकतायत.

तेराव्या रात्री सगळं संपलं, शुजी एकटा उरला. टपरी बंद झाली होती. रेक्टरला चोरून तू कॉइलवर चहा केलास, दिवा मात्र लावला नाहीस.

दुसऱ्या दिवशी मी तिला चार पानं लिहिली. ‘परत ये’ त्यात नव्हतं. ती आलीही नाही, पण उत्तर आलं.

पेनड्राइव्ह अजून माझ्याकडेच आहे. पत्ता कळव.

तुझा,
शेजारी