नदीचा नमुना पहाटे घ्या, समितीला उत्तर लेखी द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सिंहस्थ कुंभमेळा जवळ आला की आपल्या नाशिकात गोदावरीविषयी बोलणं वाढतं आणि त्याबरोबर समित्याही वाढतात. शहराला नागरिकांची पर्यावरण सल्लागार समिती हवी, ही मागणी आता पुन्हा कानावर येते आहे. माझा तिला मनापासून पाठिंबा आहे. मात्र अशा एका बैठकीला मी स्वतः बसून आले आहे, म्हणून हे पत्र.

मी आगर टाकळीला राहते. समर्थांच्या मठापासून पायी थोड्या अंतरावर नंदिनी नदी गोदावरीला मिळते. आमच्या पिढीच्या तोंडात अजून तिचं जुनं नाव नासर्डीच आहे. सातपूर-अंबडकडून निघून अख्खं शहर ओलांडत ती इथे येते, आणि वाटेत जे जे मिळालं ते सगळं घेऊन येते. एका महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागात मी एकतीस वर्षं प्रयोगशाळा सहायक होते. पाण्यातला विरघळलेला प्राणवायू मोजण्याचा प्रयोग किती बॅचेसना मांडून दिला, त्याची गणती नाही. बाटली काठोकाठ भरायची, एकही बुडबुडा राहू द्यायचा नाही. पिपेटचं टोक पाण्यात बुडवून मँगनीज सल्फेट सोडायचं, मागोमाग आयोडाइडचं अल्कधर्मी द्रावण. बूच लावून बाटली उलटसुलट करायची आणि थांबायचं. प्राणवायू असेल तर तपकिरी साका धरतो. नळाच्या पाण्याला तो दाट तपकिरी यायचा. एका वर्षी मी घरून निघताना टाकळीच्या पुलाखालचं पाणी भरून नेलं. त्या बाटलीतला साका पांढराच राहिला. टेबलाभोवती वीसेक मुलं होती, कुणी काही बोललं नाही. एका मुलीने हळूच विचारलं, "मॅडम, यात मासे कसे राहतात?" राहत नाहीत, एवढंच मी तिला सांगू शकले.

निवृत्तीनंतर मी वही घातली. रोज पहाटे फिरायला जाते तेव्हा पुलावर थांबून वेळ, पात्रात पाणी किती, त्याचा रंग, वास आणि फेस किती, एवढं लिहिते. वर्षभर लिहिल्यावर जे दिसलं ते असं : फेस बहुतेक पहाटेच असतो. बादलीत साबण घुसळावा तसा पांढरा, हाताला चिकटणारा फेस साडेपाच-सहाला काठाला लागून असतो. दहा वाजता पाहावं तर विरळ, दुपारी नुसतं काळपट पाणी.

काही वर्षांपूर्वी एका कार्यालयाने नागरिकांची सल्लागार बैठक बोलावली, त्यात मलाही निरोप आला. मी वही घेऊन गेले. विषयपत्रिका जागेवर बसल्यावर हातात मिळाली. वृक्षारोपण, कापडी पिशव्या, शाळांमधली चित्रकला स्पर्धा, असे विषय होते. नदीचा विषय मी काढला तो शेवटी 'आयत्या वेळचे विषय' यात, चहाचे कप गोळा होत असताना. मला शांतपणे सांगितलं गेलं की पाण्याचे नमुने नियमित घेतले जातात आणि अहवाल मर्यादेत आहे. मी विचारलं, नमुना किती वाजता घेता? उत्तर आलं, कार्यालय उघडल्यावर माणूस जातो, म्हणजे अकरा-बारा वाजतात.

हा मुद्दा वाचकांनी समजून घ्यावा म्हणून थोडं सविस्तर सांगते. पाण्यात शेवाळ असलं की उन्हात ते प्राणवायू सोडतं. त्यामुळे भर दुपारी पाण्यातला प्राणवायू दिवसातला सगळ्यात चांगला दिसतो. रात्रभर मात्र तेच शेवाळ आणि जिवाणू तो वापरत राहतात, म्हणून सूर्योदयाच्या आधी तो तळाला जातो. मासे मरतात ते पहाटे. म्हणजे दुपारी बाराचा आकडा खोटा नसतो, पण नदीच्या चोवीस तासांतला तो बरा तास असतो. कार्यालयाच्या वेळेत नमुना घेणाऱ्याला हे कळण्याची सोय नाही. काठावर राहणाऱ्याला ते आपोआप कळतं. नागरिकांना समितीत घ्यायचं ते एवढ्यासाठीच, असं मला वाटतं.

पुढे त्या बैठकीचं इतिवृत्त आलं. त्यात माझ्या वहीविषयी एक ओळ होती : 'पाणी गुणवत्तेबाबत चर्चा झाली.' पहाटे नमुना घेणार की नाही, नसेल तर का नाही, यावर एक शब्द नव्हता. मी दोन पत्रं पाठवली, पोहोच घेतली, उत्तर आलं नाही. पुढची बैठक झाली का, हेही मला कळलं नाही.

आता कुणी म्हणेल, नागरिकांना जागा नाही म्हणून नवी समिती हवी. जागा कायद्यात आधीपासून आहेत. महापालिका अधिनियमाच्या कलम २९-अ प्रमाणे प्रभाग समितीवर स्वयंसेवी संस्थांचे तीनपर्यंत प्रतिनिधी घेता येतात. कलम ६७-अ प्रमाणे आयुक्तांनी दरवर्षी ३१ जुलैपूर्वी शहराच्या पर्यावरणाच्या सद्यःस्थितीचा अहवाल सभागृहापुढे ठेवायचा असतो. २००२ च्या जैविक विविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेला जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायला सांगितलं. झाडांसाठी १९७५ चा कायदा आणि वृक्ष प्राधिकरण आहे. गोदावरीसाठी तर उच्च न्यायालयाने विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. इतकं असून २०२५ च्या नोव्हेंबरात साधुग्रामासाठी, म्हणजे कुंभातल्या साधूंच्या तात्पुरत्या वस्तीसाठी, तपोवनातली झाडं काढण्याची नोटीस निघाली तेव्हा लोकांना रस्त्यावर यावं लागलं, हरकतींचे ढीग द्यावे लागले. मीही हरकत दिली. आराखडा कागदावर उतरत होता तेव्हा तपोवनात रोज फिरायला जाणाऱ्या एका माणसाला जरी समोर बसवलं असतं, तरी कुठली झाडं किती जुनी आहेत हे त्याने सांगितलं असतं. सल्ला नोटिशीच्या आधी घ्यायचा असतो, नोटिशीनंतर उरते ती हरकत.

म्हणून नव्या समितीसाठी माझी खरी मागणी एकच आहे : समितीने केलेल्या प्रत्येक शिफारशीला तीस दिवसांत लेखी उत्तर. शिफारस मान्य करा किंवा फेटाळा, तो तुमचा अधिकार. सल्लागार म्हणजे हुकूम देणारा नव्हे, हे आम्हाला समजतं. पण फेटाळली तर कारण लिहा, खाली सही करा आणि ते इतिवृत्तासकट वॉर्ड ऑफिसच्या फलकावर लावा. माझ्या वहीला 'पहाटे पाठवायला माणूस नाही' असं एका ओळीचं उत्तर मिळालं असतं, तर पुढची पाच वर्षं मी माणूस मिळावा म्हणून खटपट केली असती. 'चर्चा झाली' या दोन शब्दांना धरून पुढे काहीच करता येत नाही. विषयपत्रिका आठवडाभर आधी मिळावी आणि नमुन्याची जागा व वेळ ठरवताना समितीला विचारावं, हेही त्यातच आलं.

आणखी एक खुर्ची मला त्या समितीत हवी आहे, ती नदीच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या माणसाची. माझं माहेर निफाड तालुक्यातलं, सायखेड्याचं. दादाची द्राक्षबाग आहे. शहर आपलं सांडपाणी नदीला देऊन मोकळं होतं. त्यातल्या नत्र-स्फुरदावर पाणवेली पोसल्या जातात, वाहत जाऊन सायखेड्याच्या पुलाला अडकतात आणि पाणी तुंबवतात. लहानपणी आम्ही त्या घाटावर पोहलो. आता दादा नातवंडांना पायसुद्धा बुडवू देत नाही. तेच पाणी पुढे नांदूर मध्यमेश्वरला जातं. तिथल्या पाणथळीला रामसरचा, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय यादीतला, दर्जा मिळाल्याचं २०२० मध्ये जाहीर झालं, तो मिळवणारं महाराष्ट्रातलं ते पहिलं ठिकाण. आपण तिथे दुर्बीण घेऊन पक्षी बघायला जातो. त्या पाण्याचा निर्णय होतो तेव्हा मात्र निफाडच्या माणसाला कुणी विचारत नाही, कारण तो शहराच्या हद्दीत राहत नाही.

सिंहस्थात लाखो माणसं गोदावरीत डुबकी मारतील. स्नानाच्या पाण्याचा बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा प्राणवायू, ३ मिलिग्रॅम प्रतिलिटरपेक्षा जास्त नको, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे. मोठ्या शहरांतल्या मलजल शुद्धीकरण केंद्रांतून बाहेर पडणाऱ्या पाण्यासाठी हरित लवादाने २०१९ मध्ये १० ची मर्यादा सांगितली. म्हणजे केंद्रं अगदी चोख चालली तरी ३ आणि १० मधलं अंतर नदीने स्वतः वाहत राहून तोडायचं आहे, आणि त्यासाठी पात्रात ताजं पाणी लागतं. उन्हाळ्यात टाकळीला ते किती असतं, हे माझ्या वहीत आहे.

वहीच्या झेरॉक्स मी करून ठेवल्या आहेत. समिती नेमली जावो अथवा न जावो, पहाटेचा एक नमुना घ्यायला कुणी येणार असेल तर मी साडेपाचला पुलावर असते.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक,
आगर टाकळी, नाशिक